डुलणारी मान, उडणारं पोट: पाळीव उंदरांच्या हालचाली आणि दुखणी

नव्याने उंदीर पाळलेल्या घरात पहिली घाबरगुंडी बहुधा त्याच्या डोळ्यांमुळे उडते. मांडीवर निवांत बसलेला उंदीर दातावर दात घासू लागतो, बारीक करकर ऐकू येते, आणि बघता बघता त्याचे डोळे खोबणीतून बाहेर येऊन थरथरायला लागतात. आत-बाहेर, आत-बाहेर, आणि तेही इतक्या वेगाने की आता ते गळून पडणार असं वाटावं. घरातलं कोणीतरी ‘फिट आली’ म्हणून ओरडतं, कोणी हुंगवायला कांदा शोधायला धावतं. उंदीर मात्र त्या घटकेला अगदी सुखात असतो.

यामागचं कारण शरीररचनेत आहे. जबडा मिटवणाऱ्या स्नायूंचा एक पदर उंदराच्या डोळ्याच्या खोबणीतून, नेत्रगोलाच्या मागच्या बाजूने जातो. जबडा हलला की हा पदर फुगतो-आकसतो आणि डोळ्याला मागून ढुशा बसतात. दात घासणं हे तर त्याचं नित्यकर्मच. पुढचे चार दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर या गतीने जन्मभर वाढत राहतात; ते झिजले नाहीत तर वाकडे वाढून तोंडातच रुततात. फक्त एक लक्षात ठेवायचं. दुखत असतानाही उंदीर दात खातो. म्हणून नुसती करकर ऐकून निकाल द्यायचा नाही, सगळं अंग बघायचं. पाठीला पोक, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले असतील तर ते सुख नव्हे.

पाळीव उंदरांबद्दल जेवढं वाचलं, पाहिलं, पाळणाऱ्यांकडून ऐकलं, तेवढं माझं एक मत पक्कं होत गेलं. ज्या हालचालीने घर हादरतं ती बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते. जी जिवावर बेतते ती मात्र आठवडाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. साप, घुबड, मांजर, सगळ्यांच्या ताटातला हा जीव. दुबळेपणा दिसला की संपलाच. त्यामुळे दुखणं लपवण्याची त्याची खोड पिंजऱ्यात शंभरावर वर्षं काढूनही गेलेली नाही.

हा पाळीव उंदीर कुठून आला तेही सांगायला हवं, कारण त्याच्या आजारांचा त्याच्या वंशाशी संबंध आहे. तो म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस, तपकिरी उंदीर. आपल्या माळ्यावर खुडबुड करणारा सडपातळ उंदीर बहुधा वेगळ्या जातीचा, रॅटस रॅटस. आणि गटारातली घूस तर आणखी निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा मूषकसंहारक होता. पकडलेल्यांतले वेगळ्या रंगाचे उंदीर तो बाजूला ठेवी, त्यांची पैदास करी आणि विकी. १९०१ साली मेरी डग्लस यांच्या पुढाकाराने एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांना प्रथम जागा मिळाली. इंग्लंडची नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी १९७६ची. दुसरीकडे फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटने १९०६पासून पांढऱ्या उंदरांचा वंश चालवला आणि पुढे १९२५ साली अमेरिकेतच मॅडिसन गावी स्प्राग-डॉली वंश तयार झाला. क्रॉफर्ड मार्केटात किंवा पुण्या-नाशकातल्या पेट शॉपमध्ये मिळणारा लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर या प्रयोगशाळेतल्या मंडळींचाच भाऊबंद. त्याच्या म्हातारपणाबद्दल आपल्याला एवढं ठाऊक आहे तेही यामुळेच. औषधं आणि रसायनं तपासणारे प्रयोग दोन-दोन वर्षं चालत, आणि उंदराचं आयुष्यच मुळी दोन ते तीन वर्षांचं.

या पांढऱ्या उंदराची मान डुलते. एका जागी बसून, नजर समोर लावून तो डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे नेतो, पुन्हा डावीकडे आणतो. मेंदूत काहीतरी बिघडलं, अशीच पहिली शंका येते. पण त्याच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं. उंदराची नजर मुळातच अधू, आणि लाल डोळ्यांच्या उंदराची काळ्या डोळ्यांच्या उंदराच्या साधारण निम्मी. डोकं हलवलं की जवळची वस्तू जास्त सरकते आणि लांबची कमी. त्यावरून तो अंतराचा अंदाज बांधतो. उडी मारण्याआधी हे डुलणं वाढतं. याला औषध नाही आणि ते लागतही नाही. फक्त पिंजरा प्रखर उजेडात ठेवू नये. सतत उजेडात ठेवलेल्या पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांचा पडदा कसा खराब होतो, हे वर्नर नोएल यांनी १९६६ सालीच दाखवून दिलं होतं. खिडकीच्या ग्रीलमध्ये पिंजरा ठेवण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे ती अशा उंदरासाठी वाईट.

माद्यांच्या बाबतीत वेगळीच धांदल उडते. पाठीवरून हात फिरवला की मादी जागच्या जागी ताठरते, पाठ खाली दाबते, शेपटी बाजूला करते, कान इतके थरथरवते की त्यांच्या कडा धूसर दिसाव्यात, आणि मग एकदम बाणासारखी सुटते. पुष्कळांना हा लकवा किंवा झटका वाटतो. ती माजावर आलेली असते. दर चार-पाच दिवसांनी, बहुधा रात्री, काही तासांसाठी हे होतं. उलट दर चार-पाच दिवसांनी होतंय हे कळलं की काळजी मिटतेच. आजार असा वेळापत्रक पाळून येत नाही.

झोपेतल्या झटक्यांचंही तसंच. पंजे उडतात, मिशा थरथरतात, शेपटीचं टोक हलतं. पिल्लांमध्ये हे इतकं असतं की आयोवा विद्यापीठातले मार्क ब्लूमबर्ग आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं त्याचाच अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या मते मेंदू या झटक्यांतून आपल्याच हातापायांची ओळख करून घेत असतो. हाक मारल्यावर उंदीर जागा झाला आणि झटके थांबले, की विषय संपला. जागेपणी शुद्ध हरपून अंग आखडलं तर ती फिट. पिल्लांना उचक्याही लागतात, सगळं अंग ठराविक लयीत उडतं. त्या आपोआप थांबतात. आणि खेळता खेळता चारी पायांवर उडी घेऊन हवेतच अंग वळवणं हा तर निव्वळ आनंद. गुदगुल्या केल्या की उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या पट्टीत, किलबिलतात, हे याक पँकसेप यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. २०१६ साली बर्लिनमध्ये इशियामा आणि ब्रेख्त यांनी गुदगुल्यांच्या वेळी मेंदूतल्या पेशी काय करतात ते नोंदवलं, तेव्हा अशा उड्यांचीही नोंद झाली.

नर अंगावरचे केस फुलवून, पाठीची कमान करून, दुसऱ्याला आडवा भिडायला लागला आणि शेपटी झाडायला लागला तर तो रागात आहे. तिथे हात घालू नये. वारंवार होत असेल तर खच्चीकरणाचा विचार करावा.

आता खऱ्या काळजीकडे. उंदरांच्या दुखण्यांत पहिला मान श्वासाचा. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू बहुतेक सगळ्या पाळीव उंदरांच्या अंगात असतोच. पिल्लाला तो आईकडूनच मिळतो. एरवी दबून राहतो. जागा बदलली, थंडी वाढली, पिंजरा घाण राहिला, वय झालं की डोकं वर काढतो. नव्या घरी आलेला उंदीर पहिले काही दिवस शिंकतो, त्याचं विशेष काही नाही. पण शिंकांच्या जागी घरघर आली, छाती कानाला लावल्यावर बुडबुड ऐकू आली, तर थांबू नये. त्याहून पुढची पायरी डोळ्यांनी दिसते. बसल्या जागी पोट उडतं, प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्या आत ओढल्या जातात आणि मान पुढे-मागे हलायला लागते. मघाच्या डुलण्याशी याची गल्लत होते आणि तीच महागात पडते. नजरेसाठीचं डुलणं आडवं, सावकाश, कधीतरीचं असतं. श्वासासाठीचं डोकं हलणं श्वासाच्या तालावर, अखंड चालतं आणि त्या वेळी उंदराला दुसरं काही सुचत नाही. उंदीर नाकानेच श्वास घेणारा प्राणी. त्याने तोंड उघडून श्वास घेतला तर डॉक्टर गाठायला उद्याची वाट बघायची नसते.

या जंतूला पेशीभित्तिका नसते. त्यामुळे पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा दोन्ही मिळून देतात. घरातल्या उरलेल्या गोळ्यांतली अर्धी मोडून देणं हा तर शुद्ध अघोरीपणा, कारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजनाच्या प्राण्याचा डोस माणसाच्या गोळीवरून काढता येत नाही. जंतू पूर्ण जात नाही, दबतो. घरच्यांच्या हातात आहे ती हवा. लघवीतून सुटणाऱ्या अमोनियामुळे हा आजार बळावतो, हे १९७६ सालच्या प्रयोगात स्पष्ट झालं होतं. पिंजऱ्याजवळ नाक नेल्यावर आपल्याला वास येत असेल, तर चोवीस तास त्यातच राहणाऱ्याचे काय हाल होत असतील! देवघरातला धूप, अगरबत्ती, मच्छरांची कॉइल यांचा धूरही लांबच ठेवावा.

नाका-डोळ्यांभोवती लाल दिसलं की रक्त आलं म्हणून रडारड होते. ते बहुतेक वेळा पॉर्फिरिन असतं. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून येणारा हा लाल स्राव निरोगी उंदीर पंजांनी पुसून टाकतो. आजारी, दमलेला किंवा घाबरलेला उंदीर पुसत नाही, म्हणून तो साचतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तो लालसर चमकतो, रक्त चमकत नाही. म्हणजे लाली हा स्वतः आजार नव्हे, पण काहीतरी बिनसलंय ही खबर नक्की आहे.

मान एका बाजूला कलणं आणि कललेल्या बाजूला गरगर फिरणं, हे दिसायलाही भयंकर आणि खरोखरच गंभीर. माझ्या मतातला हा अपवाद. तरी घाईने निराश होऊ नये. श्वासाचा तोच जंतू किंवा त्याच्या जोडीचे दुसरे जंतू घशातून कानात चढतात, आतल्या कानाला सूज येते आणि तोल जातो. उंदीर उचलला की गिरकी घेतो, कधी लोळतो, डोळे एका लयीत झटके देतात. लवकर औषध मिळालं तर तो सावरतो. मान थोडी तिरकी राहिली तरी तशा तिरक्या मानेने तो खातो, चढतो, भांडतो.

खरी कसोटी पुढच्या आजाराची. दीड वर्ष उलटलेली मादी. हरभऱ्याचा दाणा दिला की उंदीर तो दोन्ही पंजांत धरून, मागच्या पायांवर बसून, फिरवत फिरवत सोलतो. ही मादी दाणा घेते, पण तो पंजातून निसटतो. ती पुन्हा उचलते, पुन्हा निसटतो. शेवटी जमिनीवर ठेवून थेट तोंडाने खाते. घरच्यांना वाटतं, वय झालं. काही दिवसांनी पुढचे पाय ताठ होऊन पुढे फाकतात, चढणं बंद होतं, ती कोपऱ्यात डोकं टेकून बसते. हे बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या गाठीचं लक्षण. या गाठी पुष्कळदा प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या असतात, म्हणून माणसांत प्रोलॅक्टिन कमी करण्यासाठी वापरलं जाणारं कॅबर्गोलिन उंदरांनाही देऊन पाहिलं जातं. २०११ साली पशुवैद्यकीच्या नियतकालिकात अशा एका उंदराची केस प्रसिद्ध झाली. काहींना स्टेरॉइडने थोडे बरे दिवस मिळतात. गाठ जात नाही. पण निसटणारा दाणा पहिल्याच आठवड्यात कोणी पाहिला, तर त्या बऱ्या दिवसांची संख्या वाढते.

नरांच्या म्हातारपणी उलटं होतं, आधी मागचे पाय जातात. मज्जारज्जू आणि त्यातून निघणाऱ्या नसा झिजतात. पाऊल घसरतं, चालताना ढुंगण डुलतं, मग पाय ओढत चालणं सुरू होतं. दोन्ही बाजूंना सारखंच, हळूहळू आणि बहुधा न दुखता. एकाएकी पाय गेले तर झीज नव्हे, पडल्याची किंवा पाठीला मार बसल्याची शंका घ्यावी. झिजेवर इलाज नाही, सोय आहे. पिंजरा एकमजली करायचा, तळाला जाळीऐवजी जुनं सुती कापड, पाणी खाली, आणि स्वतःचं अंग चाटता येत नाही म्हणून पाठ रोज ओल्या फडक्याने पुसायची. अशा अवस्थेत उंदीर महिनोन् महिने आनंदात काढतात.

तीन गोष्टी आपल्याकडच्या घरांसाठी वेगळ्या सांगायला हव्यात. उंदराला उलटी होत नाही. चिकट घास, म्हणजे पीनट बटर, ओली पोळी, मऊ लाडू, घशाखाली अडकला की तो हनुवटी छातीशी ओढतो, लाळ गाळतो, तोंडाशी पंजे मारतो. बघणाऱ्याला ही फिट वाटते. बहुतेक वेळा शांत ठेवलं, खाणं-पाणी काढून घेतलं की घास सरकतो. श्वास अडखळला तर मात्र डॉक्टरांकडे. दुसरं, उन्हाळा. त्याला माणसासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखी धापही टाकता येत नाही. शेपटीतून उष्णता बाहेर टाकणं आणि अंगाला लाळ फासणं एवढेच त्याचे उपाय. प्रयोगशाळांत त्याला २० ते २६ अंशांत ठेवतात. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात तो आडवा पसरला, शेपटी तापली, लाळ गळायला लागली तर उष्माघात समजून गार (बर्फाच्या नव्हे) पाण्याने शेपटी-पाय ओले करत डॉक्टरांकडे निघावं. तिसरं, विष. ज्या घरात पाळीव उंदीर मोकळा फिरतो, त्याच घरात ओट्याखाली घरच्या उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनची वडी पडलेली असते! तिचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. उंदीर फिका, गळून गेलेला, अंतर्गत रक्तस्राव. वेळेत व्हिटॅमिन के-१ मिळालं तर वाचतो. झिंक फॉस्फाइडवर मात्र उतारा नाही. पाळीव उंदीर असलेल्या घरात ही दोन्ही असूच नयेत.

गाठींबद्दल थोडक्यात. माद्यांच्या काखेत, जांघेत, पोटावर येणाऱ्या बहुतेक गाठी स्तनग्रंथींच्या आणि साध्या असतात, पण भराभर वाढतात आणि चालणं बिघडवतात. लहानपणीच अंडाशय काढलेल्या माद्यांत या गाठी आणि पियुषिकेच्या गाठी, दोन्ही कितीतरी कमी आढळतात. भूल देऊ शकणारा सरावाचा डॉक्टर असेल तर हा मार्ग चांगला. नसेल तर धाडस करू नये.

उंदीर म्हटलं की प्लेग आठवणाऱ्या पिढीची भीती खोटी नव्हती. १८९७ सालचं पुणं आपण इतिहासात वाचलंय. पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराकडून तो धोका जवळपास नाही. पण लेप्टोस्पायरोसिस आहे, विशेषतः दुकानातले पिंजरे गटारातल्या उंदरांच्या वाटेवर असतील तर. चाव्यातून येणारा ज्वर आहे: ताप, पुरळ, सांधेदुखी. २०१७ साली अमेरिकेत पाळीव उंदरांमार्फत सोल विषाणू अनेक राज्यांत पसरला होता. उंदीर पाळत असाल आणि ताप आला, तर आपल्या डॉक्टरला ‘घरी उंदीर आहे’ हे लाजून न लपवता सांगावं.

राहता राहिला पशुवैद्य. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आपल्या डॉक्टरांचा हात मुख्यतः गाई-म्हशींवर आणि कुत्र्या-मांजरांवर बसलेला. उंदीर टेबलावर ठेवला की तो घाबरून गप्प बसतो आणि घरी दिसणारं एकही लक्षण तिथे दिसत नाही. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. श्वासाचा असेल तर स्लो मोशनमध्ये, कारण निरोगी उंदीरही मिनिटाला ७० ते ११५ श्वास घेतो आणि ते नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाहीत. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन करून वहीत लिहा. दहा टक्के उतरलं की बाकी काही दिसत नसलं तरी दाखवा. आणि हे सगळं उंदीर आणल्यावर नव्हे, त्याच्या आधी: पिंजऱ्याला पैसे घालण्यापूर्वी गावातल्या दोन-चार डॉक्टरांना फोन करा, ‘तुम्ही उंदीर तपासता का?’ असं सरळ विचारा, आणि एकही हो म्हणाला नाही तर उंदीर आणू नका.